कागद वाचून दाखवणारे नाना गेले

बेळगुंदीची लेक:

मंडळी, बरेच दिवस इथं मी नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण घरात कुणाशी बोलावं तर पहिल्याच वाक्याला गळा दाटतो आणि बोलणं तिथंच राहतं.

गेल्या आठवड्यात आमचे नाना गेले. नात्यानं आमचे कुणीच नव्हेत. आजोबा भात आणि रताळी गाडीत घालून बेळगावला रविवार पेठेत न्यायचे, तिथल्या एका अडत दुकानात नाना दिवाणजी होते. मालाची पट्टी करता करता ओळख झाली, मग बाबांशी मैत्र जमलं, आणि पुढं आमच्या घरचं एकही कार्य नानांशिवाय झालं नाही. माझ्या लग्नाची यादी त्यांच्याच अक्षरातली आहे. नव्वदीला दोन-तीन वर्षं कमी होती. रात्री दूध-भाकरी खाऊन झोपले ते सकाळी उठले नाहीत. थोरल्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात डबे भरत होते. पोळी तव्यावरच करपली.

आपल्या भागातल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरचे वाचत असतील त्यांच्यासाठी सांगते. 1 नोव्हेंबर 1956 ला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी, शेतात मराठी, भजनात मराठी, आणि कचेरीतून येणारा कागद मात्र कन्नड. उतारा, नोटीस, वीजबिल, सोसायटीच्या कर्जाचं पत्र, सगळंच. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका तो कागद हातात घेऊन नुसत्या बघत बसायच्या. मग घडी करून देवाच्या फळीवर ठेवायच्या, नाना येईपर्यंत.

नाना रविवारी यायचे. सायकल कट्ट्याला टेकवायची, पायावर पाणी घ्यायचं, चहा व्हायचा, आणि मग आई फळीवरचे कागद काढायची. एव्हाना गल्लीतली दोन-चार माणसं आपापली पिशवी घेऊन ओट्यावर आलेली असायची. नाना कागद मांडीवर सपाट करायचे. एकदा मनातल्या मनात पुरता वाचायचे. मग कानावरची शिसपेन्सिल काढून कन्नड ओळीच्या वर बारीक अक्षरात मराठी शब्द लिहायचे. पेनानं कधीच नाही. “कागद तुमचा, मी कोण त्याच्यावर शाई घालणार?” असं म्हणायचे. मग ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना मध्येच थांबून विचारायचे, “आता तुम्ही सांगा बघू, ह्यात काय लिवलंय?” समोरच्यानं सांगितल्याशिवाय कागद परत द्यायचे नाहीत.

मी आठवीत असताना बाबा गेले. तेराव्याला अजून वेळ होता. जवळच्याच एका माणसानं चार पानी कागद आणला आणि आईला म्हणाला, वैनी, वारसा नोंदीचा आहे, इथं इथं सही करा, उद्याच द्यायचा आहे. आई त्या दिवसांत कशालाच नाही म्हणत नव्हती. ती पेन शोधायला उठली. नाना कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “आण हिकडं, वाचून दाखवतो.” तो माणूस म्हणाला, कशाला नाना, साधाच कागद आहे. नाना काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, वाचला आणि नेहमीसारखं ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या पानावर हक्कसोड होती. आईनं आणि आम्ही दोघी बहिणींनी ओढ्याकडच्या तुकड्यावरचा हक्क सोडला, असं. नानांनी आवाज चढवला नाही, त्या माणसाकडं बघितलंसुद्धा नाही. पान उलटून परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा सगळं वाचून झाल्यावर आईला विचारलं, “वैनी, आता सांगा, ह्यात काय लिवलंय?” आईनं सांगितलं. एकेक शब्द बरोबर सांगितला. मग म्हणाले, “सही करायची काय, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

आईनं पेन खाली ठेवलं.

तो तुकडा अजून आमचा आहे. यंदाही तिथं रताळी लावली आहेत.

दुसऱ्या रविवारपासून नानांनी मला कन्नड वाचायला शिकवलं. शाळेत विषय होता, पण आम्ही पाठांतरावर पास होणारी पोरं. नाना पुस्तक घेऊन बसले नाहीत. मला बेळगावच्या बसस्टँडवर नेलं आणि पाट्यांसमोर उभं केलं. खानापूर, जांबोटी, नंदगड, लोंढा. म्हणाले, गावाचं नाव तुला आधीच ठाऊक आहे, आता अक्षर आपोआप कळेल. आणि खरंच कळलं. द च्या पोटाखाली दांडी आली की ध, प ला आली की फ. र च्या पोटात टिंब घातलं की ठ. अक्षराच्या डोक्यावर जी तिरकी रेघ असते तिला कन्नडात तलेकट्टू म्हणतात, तले म्हणजे डोकं आणि कट्टू म्हणजे बांधणं. “म्हणजे फेटाच की गे,” नाना म्हणाले. आकड्यांत एक आणि शून्य जपून बघायचे, कारण कन्नड एक म्हणजे पुरतं न मिटलेलं वाटोळं. घाईत लिहिलेल्या जुन्या उताऱ्यात त्या एवढ्याशा फटीवर सगळा सर्व्हे नंबर अवलंबून असतो.

खूप लिहिलं. इथं बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच जण आहात. तुमच्याकडंही असं कुणी होतं का? आणि नानांना ओळखणारं कुणी असेल तर दोन शब्द लिहा. मुलांना वाचून दाखवीन.

मार्कंडेयकाठ:

ताई, तुम्ही नाव दिलं नाही तरी कानावरची शिसपेन्सिल आणि रविवार पेठ म्हटल्यावर ओळखलं. आमच्या वडिलांबरोबर ते 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला असायचे. दंडाला काळी फीत आणि तीच ती सायकल. पाय थकल्यावर सायकल हातात धरून चालत यायचे, पण यायचे. 17 जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला, हुतात्मा चौकातही मी त्यांना बघितलं आहे, मागच्या रांगेत, टोपी हातात घेऊन उभे.

आमचंही एक काम त्यांनी केलं होतं. बँकेचा बोजा फिटून चार वर्षं झाली तरी उताऱ्यावर तसाच. आम्हाला ठाऊकच नव्हतं. नानांनी उतारा हातात घेतल्या घेतल्या अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. मालकाचं नाव नवव्यात, ते सगळेच बघतात, पण हक्क आणि ऋण अकराव्यात असतात, ते आधी बघायचं. “ऋण हा शब्द त्यांच्यातही ऋणच आहे, वाचता आला पाहिजे एवढंच,” असं म्हणाल्याचं आठवतं.

भावपूर्ण श्रद्धांजली.

अनगोळकर:

वाईट झालं. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो.

शहापूरची सून:

ओळीखाली बोट धरून वाचणं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडं ते वेगळ्या कामाला यायचे, मोडी वाचायला. आमचं सासर शहापुरातलं, घरात पूर्वी हातमाग होते. शहापूर हे सांगली संस्थानात होतं, बेळगावला लागून असलं तरी. त्यामुळं आमच्या घराचे जुने कागद संस्थानी, मोडीतले. भाऊबंदकीत भिंतीचा वाद निघाला तेव्हा तो कागद वाचणारं कुणी मिळेना. कुणीतरी नानांचं नाव सांगितलं.

नाना शाळेत शिकत होते तेव्हा मोडी हा विषय असायचा, त्यांच्या पाठोपाठ तो बंदच झाला. त्यांनी माझ्या मुलाला दाखवलं होतं, मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. पोराला इतकी गंमत वाटली की वहीभर रेघा मारून ठेवल्या. भिंत आमची नव्हतीच, असं त्या कागदात निघालं. नानांनी तेही तसंच वाचून दाखवलं, दोनदा. सासरे जरा नाराज झाले. पण वाद मिटला आणि चुलत सासऱ्यांकडं पंधरा वर्षांनी आमचं जेवण झालं. त्या दिवशी मांडे केले होते. नानांना बोलावलं तर म्हणाले, मी कागद वाचला, जेवायचं काय त्यात? दीरानं सायकलीवरून घरी नेऊन दिले तेव्हा कुठं घेतले.

सीमाभाग56:

श्रद्धांजली आहेच. माणूस मोठा होता यात शंका नाही. पण एक बोलतो, राग मानू नका. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात आपली माणसं गोळ्या खाऊन गेली. माझा मामा त्या मोर्चात होता. मराठीत कागद मिळणं हा आपला हक्क आहे. आपणच घरोघरी कन्नड शिकवायला लागलो तर मराठी कागदाची गरज काय, असं उद्या तेच म्हणतील. नानांसारख्या माणसांच्या चांगुलपणामुळं कचेऱ्यांची अडचणच झाली नाही, असं मला वाटतं. जे वाटलं ते लिहिलं.

मार्कंडेयकाठ:

सीमाभाग56, मामांना नमस्कार. तुमचं दुखणं आमचंही आहे, म्हणून रागाचा प्रश्नच नाही. फक्त एक ठाऊक असलेलं सांगतो. नाना कुणालाही नुसता कन्नड अर्ज कधीच लिहून द्यायचे नाहीत. अर्ज मराठीत लिहायचे आणि त्याला कन्नड प्रत जोडायचे. घटनेच्या 350 व्या कलमाप्रमाणं गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडता येतं, हे त्यांनी कुठून तरी वाचून ठेवलं होतं आणि अर्जाच्या शेवटी ते कलम लिहायचे. जिथं भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हेही लिहायचे. टेबलामागचा माणूस मराठी कागद बाजूला सारायचा आणि कन्नड प्रतीवर शिक्का मारायचा. नाना म्हणायचे, “मराठीवर पण मारा. दोन्हीवर मारा, तोवर मी बसतो.” आणि बसायचे. मी स्वतः त्यांच्याबरोबर साडेतीन तास बसलोय, बाकड्यावर, उन्हाळ्यात.

बेळगुंदीची लेक:

सीमाभाग56, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हाच प्रश्न मी कॉलेजात असताना नानांना विचारला होता, बराच तावातावानं. तेव्हा ते म्हणाले होते, “बाळ, खटला जिंकीपर्यंत जमीन राहिली पाहिजे की.” पुढं काहीच बोलले नाहीत. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला सीमेचा दावा 2004 चा. ह्या सगळ्या वर्षांत दर रविवारी आमच्या ओट्यावर पिशव्या घेऊन माणसं येतच होती. त्यांचं त्या आठवड्यातलं काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

सीमाभाग56:

दोन्हीवर शिक्का ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मामांना हा धागा वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “तो सायकलवाला दिवाणजी काय? आमच्या जामिनाचे कागद त्यानंच वाचले होते.” माझे शब्द मी पुरते मागं घेत नाही, पण नानांना माझा दंडवत.

रामदुर्गचा:

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड. मराठी शिकलो ती बेळगावात भाड्यानं राहून. चुका होतील, सांभाळून घ्या.

आमचं गाव रामदुर्ग तालुक्यात. पूर्वी ते भाव्यांचं संस्थान, 1948 ला विलीन झालं. आमच्या घरी सगळे कन्नड, पण पणजोबांच्या जमिनीचे कागद मोडी मराठीत. मला तर साधी मराठी हळू वाचता येते, मोडी कुठली. माझ्या घरमालकांनी नानांकडं नेलं. मी दारात उभा राहिलो, कसं बोलावं कळेना. त्यांनीच हाक मारली, “बर्री, कुंद्री,” म्हणजे या, बसा. आमच्या आजीसारखंच, अगदी त्याच सुरात.

त्यांनी आमचा कागद मोडीतून कन्नडात वाचला. मध्ये मराठीत थांबलेच नाहीत. शिसपेन्सिलीनं ओळीवर कन्नड शब्द लिहिले. वाचून झाल्यावर मला विचारलं, आता तू सांग ह्यात काय आहे. मी सांगितलं. एक शब्द चुकला. त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं. मी पैसे काढले तर म्हणाले, पुढच्या वेळेला गावाकडनं येताना शेंगा आण. मी शेंगा नेल्या, शेंगांची चटणी पण नेली, आई करते ती. नंतर दर वर्षी नेत होतो. मागच्या वर्षी गेलो तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं. शेंगा हातात घेऊन वासावरून ओळखलं आणि माझं नाव घेतलं.

आमच्या घरी तो कागद फ्रेम करून ठेवलेला आहे. पेन्सिलीची अक्षरं पुसट होत चालली आहेत, त्यावर काही करता येईल काय, कुणाला माहीत असेल तर सांगावं.

शहापूरची सून:

दादा, फ्रेम उजेडात टांगू नका एवढं मला सांगता येईल. आणि आजच चांगला फोटो काढून ठेवा.

तुमचं मराठी छान आहे.

खानापुरी कौल:

मी नानांना ओळखत नव्हतो. पण आमच्याकडं असंच एक पोस्टमन होते. पत्र द्यायचे आणि दारातच वाचून दाखवायचे, मग ते कन्नड असो नाहीतर सैन्यातल्या मुलाचं हिंदी. वाईट बातमी असली की आधी पाणी मागायचे. त्यांनी पाणी मागितलं की घरातल्या बायका ओळखायच्या. त्यांना जाऊनही बारा वर्षं झाली. तुमच्यामुळं आज आठवले. घरी सगळ्यांना सांगितलं.

ताई, एक विचारतो. आता उतारे संगणकावर आलेत, 2000 च्या आसपास सरकारची ‘भूमी’ योजना आली तेव्हापासून छापील मिळतात. फोनवर कॅमेरा धरला की भाषांतरही होतं. नानांकडं शेवटी शेवटी माणसं येत होती काय?

बेळगुंदीची लेक:

येत होती. फोनवरून भाषांतर झालेला उतारा घेऊनच यायची. नावांची तर त्यात पार वाट लागलेली असायची. आणि यंत्र काही विचारत नाही की आता तू सांग. एका आजींनी नानांना स्पष्टच सांगितलं होतं, नातू फोनवर वाचतो पण भरभर वाचतो.

दिसेनासं झाल्यावर थोरला मुलगा अक्षरांचे आकार सांगायचा आणि नाना शब्द ओळखायचे. वाटोळं, खाली दांडी, डोक्यावर फेटा, बाजूला शेपूट. हे मी डोळ्यांनी बघितलंय. मुलाला कन्नड बोलता येतं, वाचायला तो कधी शिकला नाही. नानांनी सगळ्या जगाला शिकवलं आणि घरच्याला राहून गेलं, ह्याची त्याला आता फार खंत वाटते. मी त्याला म्हटलं, तू त्यांचे डोळे झाला होतास की रे.

निपाणीकर:

ताई, त्यांच्याकडं लोकांचे कागद राहिले असतील ना? आमच्या तात्यांच्या मागं एक पेटी निघाली होती, अर्ध्या गावाच्या पावत्या त्यात. वाळवी लागायच्या आत बघा.

बेळगुंदीची लेक:

निपाणीकर, तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिते. बाराव्याला मी बेळगावला गेले होते. दिवस करून सगळे पांगल्यावर मुलांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत कापडी पुरचुंड्या, एकेका घराची एक. प्रत्येकीवर चिठ्ठी, गावाचं नाव आणि घराची खूण. नावं फार कमी. ‘विहिरीजवळचे’, ‘येळ्ळूर, दोन बहिणी’, ‘पोरगा मिलिटरीत’. अशा एकतीस पुरचुंड्या आहेत. आमची पण आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘ओढ्याकडचा तुकडा’. आत त्या चार पानी कागदाची नानांनी हातानं केलेली नक्कल. पहिल्या दोन पानांवर नुसते शब्द, आणि तिसऱ्या पानावर त्या ओळीच्या बाजूला शिसपेन्सिलीची एक उभी रेघ, इतकी दाबून ओढलेली की मागच्या बाजूनं बोटाला लागते. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नव्हता, ते मी वर लिहिलंच आहे.

ह्या पुरचुंड्या ज्याच्या त्याला पोचवायच्या आहेत. कुणी फोटो काढून संग्रह करा म्हणेल, पण हे लोकांच्या घरचे कागद आहेत, ते इथं टाकणार नाही. मार्कंडेयकाठ आणि सीमाभाग56 दोघांनीही निरोपात आपणहून मदत करतो म्हणून कळवलंय. पुढच्या रविवारी आम्ही तिघं येळ्ळूरपासून सुरुवात करतोय. रामदुर्गचे दादा, तुमच्या भागातल्याही दोन आहेत, तुम्हाला वेगळं कळवते.

आणखी एक. मी निघायच्या दिवशी सकाळी थोरल्यानं एक कागद पुढं केला. नानांच्याच नावावरच्या शेतीच्या वारसा नोंदीचा. वंशावळ जोडायची होती, कुठं काय लिहायचं ते त्याला समजत नव्हतं. आतून त्याची आई बाहेर आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. काकी शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांचं सगळं वाचणं नानांच्याच डोळ्यांनी झालं. मी कागद मांडीवर सपाट केला. आधी मनात वाचला. एका ठिकाणी अडले, जोडाक्षर होतं. मग बोट ओळीखाली धरून मोठ्यानं वाचायला लागले. तारीख, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, नानांचं नाव, त्याच्यापुढं मयत.

एकदा वाचून झालं. काकी म्हणाल्या, “अजून एकदा वाच की गे. ते दोनदा वाचायचे.”